पेढ्यांचा डबा आणि विमानाचं तिकीट

गेल्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या आजींना कंदी पेढे द्यायला गेले. साताऱ्याहून परतून दोनच दिवस झाले होते. त्यांनी पेढा तोंडात टाकला, डोळे मिटून सावकाश खाल्ला आणि मायेनं विचारलं, "दरवर्षी विमानानं जाता का हो?" त्या स्वतः अकरा वर्षांत विमानात बसलेल्या नाहीत. बहीण हॅम्बुर्गला असते, तिच्याकडे रेल्वेनं जातात. त्यांच्या विचारण्यात टोचणी नव्हती, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

इथे जर्मनीत, फ्रायबुर्गमध्ये सहा वर्षं मी सगळं नेमानं करत आलेय. ओला कचरा वेगळा, कागद वेगळा, वेष्टनं पिवळ्या पिशवीत. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते, म्हणून बाटल्या साठवून दुकानातल्या मशीनला परत द्यायच्या. गाडी घेतलेली नाही. हिवाळ्यात खोली 19 अंशांवर ठेवते आणि अंगात आईनं विणलेला स्वेटर असतो. एवढं करून फ्रँकफर्ट-मुंबई जाण्यायेण्याच्या एका फेरीत माझ्या वाट्याला एक टनाहून जास्त कार्बन डायॉक्साइड येतो. परत दिलेल्या बाटल्यांनी त्यातला किती फिटला, हे मांडायला वही घेऊन बसले आणि अर्ध्यातच ती मिटली.

मग राग आला. भारतातला माणूस वर्षाला सरासरी 2 टनांच्या आसपास कार्बन डायॉक्साइड सोडतो, जर्मनीतला त्याच्या तिपटीहून जास्त. आणि जाब मी द्यायचा? माझ्या आजीनं जन्मभर भांडी राखेनं घासली. फाटक्या लुगड्यांच्या वाकळा शिवल्या, त्या विरल्या की त्यांची पायपुसणी झाली. शिळ्या भाकरीचा काला व्हायचा, भाजीची देठं म्हशीपुढं जायची, जुने कपडे बोहारणीच्या टोपलीत जाऊन त्यांचं पातेलं घरात यायचं. कोरेगावहून साताऱ्याला जायचं तर एसटी, नाहीतर पायी. तिला कुणी पर्यावरणवादी म्हटलं नाही. इथे कापडी पिशवी खांद्याला लावून फिरणाऱ्यांचं कौतुक होतं तेव्हा मला तिची फार आठवण येते.

खरं तेही सांगते. आजीला दुसरं परवडतच नव्हतं. हातात पैसा आला तसं आमच्याही घरात सगळं आलं, दोन मोटरसायकली, मोठा फ्रीज, लग्नात थर्मोकोलच्या पत्रावळी. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, पण मंडईत पिशवी अजून मागाल तशी मिळते.

आणि इथल्या लोकांना तरी हे एकेकट्यानं जमलंय का? आमच्या शहरात वाउबान नावाची वस्ती आहे, जुन्या फ्रेंच लष्करी छावणीच्या जागेवर उभी राहिलेली. तिथे घरापुढं गाडी लावता येत नाही, गाडी हवी तर वस्तीच्या कडेला बहुमजली वाहनतळात पैसे मोजून जागा घ्यायची. पुष्कळ घरांनी गाडीच ठेवलेली नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा भारावून गेले होते. पण वस्तीतून ट्राम जाते, सायकलींना वेगळे रस्ते आहेत, शाळा आणि किराणा चालत जाण्याच्या अंतरावर. माझ्या भावाला रोज कोरेगावहून साताऱ्याच्या एमआयडीसीत रात्रपाळीला जायचं असतं. त्याला मोटरसायकल सोड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या 2022 च्या अहवालात म्हटलंय की लोकांच्या वापरात बदल झाला तर 2050 पर्यंत घरं, प्रवास, आहार अशा क्षेत्रांतलं उत्सर्जन 40 ते 70 टक्क्यांनी कमी करता येईल, पण त्याला धोरणांची, सोयींची आणि तंत्रज्ञानाची साथ हवी. ट्राम असली तर गाडी सुटते, एवढं तर मी रोज बघते.

अण्णा फोनवर म्हणाले, "तू एकटी बाटल्या गोळा करून काय व्हायचंय?" मी त्यांना वेळूची आठवण दिली. 2016 च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या, गावांमधल्या जलसंधारणाच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत आपल्या तालुक्यातलं वेळू पहिलं आलं होतं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते, एका रविवारी श्रमदानाला गेले. टिकाव मारून हाताला फोड आले आणि दिवसभरात माझा चर झाला जेमतेम हातभर. तेवढ्यात कुठलं पाणी मुरणार? पण डोंगराच्या अंगावर समतल रेषेत एकापुढे एक चर होते, म्हातारी माणसं पाट्या उचलत होती, पोरंसोरं दगड रचत होती. पहिल्या पावसात पाणी ओढ्याकडं न पळता त्या चरांत थांबलं. अण्णांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यांनी तिथे आठ दिवस काढलेत. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तिथं गाव होतं बाई."

गाव खालच्या मजल्यावरच्या आजींनाही होतं. फ्रायबुर्गजवळ वील इथे अणुऊर्जा प्रकल्प होणार होता. 1975 मध्ये द्राक्षवाले शेतकरी आणि आसपासचे लोक त्या जागेवर जाऊन बसले, आणि तो प्रकल्प कधीच उभा राहिला नाही. आजी तेव्हा तिशीच्या आतल्या, थंडीत तिथे सूप वाटायला होत्या. हे त्यांनी मला जिन्यात उभ्याउभ्या सांगितलं, काल, डबा परत द्यायला आल्या तेव्हा.

डबा रिकामा परत देऊ नये हे त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे, आत स्वतःच्या बागेतले आलुबुखार होते. मी धीर करून म्हटलं, आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, मी जाणं सोडू शकत नाही. यापुढे दोन आठवड्यांच्या दोन फेऱ्यांऐवजी दीड महिन्याची एकच करीन, तिथूनच काम करायची परवानगी ऑफिसकडं मागितली आहे. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "आईकडं जा. पण त्या परवानगीचं काय झालं ते मला सांगा, आमच्या मुलालाही हवी आहे."

आईला हे सगळं सांगितलं. तिनं टनांचं काही विचारलं नाही. "त्या बाईंना आपला वाघ्या घेवडा आवडेल का गं? किलोभर बांधून ठेवते," म्हणाली, आणि मग, "दीड महिना म्हणजे नक्की कधीपासून?"