सांगली ते न्यूअर्क : आई-आबांच्या प्रवासाचे तास

आबांना इन्सुलिन चालू आहे. त्यामुळं ताईकडं न्यू जर्सीला जायचं ठरल्यावर मला तिकिटाच्या दरापेक्षा जास्त काळजी लागली ती तासांची. उपाशी किती वेळ राहणार, इंजेक्शन कधी घेणार?

तिकिटावर होतं: मुंबईहून रात्री दीड, न्यूअर्कला (न्यू जर्सीतला, न्यूयॉर्कजवळचा विमानतळ) त्याच तारखेला सकाळी साडेसात. दिसायला सहा तास! पण दोन्ही वेळा आपापल्या गावच्या. मे महिन्यात न्यूअर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं असतं (हिवाळ्यात साडेदहा). म्हणजे विमानाचे साडेपंधरा तास.

अंतर सुमारे 12,500 किलोमीटर, वेग ताशी 900 च्या आसपास. या हिशेबानं चौदा तास पुरायला हवेत. पण तिकिटावरची वेळ विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडं गेटला लागेपर्यंतची असते, धावपट्टीची रांगही त्यातच येते. वर काही देशांचं आकाश टाळून वळसा पडतो. आणि दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरात वाहणारा वारा जाताना समोरून येतो.

नकाशा बघून आबांनी विचारलं, "अमेरिका पश्चिमेला, मग सरळ समुद्रावरनं न जाता वर रशियाकडनं रे कशाला?" मुलीचा शाळेचा पृथ्वीगोल आणला, मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोऱ्याची टोकं धरली आणि दोरा ताणला. तो आपसूक वर सरकला: रशिया, स्वीडन-नॉर्वे, आइसलँडजवळून ग्रीनलँडचं दक्षिण टोक, मग कॅनडा. सगळ्यात जवळची वाट तीच. आबांनी स्वतः दोरा धरून दोनदा खात्री केली.

मग घरापासूनचं गणित मांडलं, सगळं भारतीय वेळेत. मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी मुंबईत सोडते, म्हणजे रात्रीच्या विमानासाठी अख्खा दिवस बसून काढायचा. म्हणून गाडीच केली. रात्री दीडचं विमान म्हणजे आदल्या दिवशी दुपारी बाराला घर सोडायचं. हे तारखेचं प्रत्येकानं नीट बघावं. पोचायचं आपल्या संध्याकाळी पाचला, इमिग्रेशन, सामान करून ताईच्या घरी साडेसातला. एकूण साडेएकतीस तास, विमान त्यातलं निम्मंच!

हा कागद घेऊन डॉक्टरांकडं गेलो. घड्याळाची वेळ न धरता त्यांनी "घर सोडल्यापासून इतक्या तासांनी" अशा हिशेबानं खाणं आणि डोस लिहून दिले. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, खाली सामानात गोठू शकतं, आणि चिठ्ठी सोबत असू द्या, असंही बजावलं. आईनं आपलं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवलं आणि त्यावर सगळं सांभाळलं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून घेतली होती.

परतीला तोच वारा पाठीमागून, त्यामुळं चौदा तास. मात्र न्यूअर्कहून सकाळी साडेअकराला निघून मुंबईत उतरायचं दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, म्हणून न्यायला येणाऱ्या गाडीला आम्ही दुसऱ्या दिवसाची तारीख सांगून ठेवली.