मोसंबीला टोचलेली सुई

आज डिस्चार्जच्या गडबडीत एका आजींना इन्सुलिन द्यायला शिकवत होते. पेशंट आजोबा. आजींचा हात थरथरत होता, म्हणून आधी मोसंबीवर सराव. तिसऱ्यांदा जमलं तशा म्हणाल्या, "सिस्टर, इथं तुम्ही आहात हो. घरी रात्री कोणाला विचारू?"

मला एकदम नर्सिंगच्या अभ्यासक अफाफ मेलाइस आठवल्या. जन्म इजिप्तमधला, नर्सिंग अलेक्झांड्रिया विद्यापीठातून, १९६८ साली अमेरिकेत पीएचडी. त्यांनी आयुष्यभर अभ्यासला तो नेमका हाच मधला काळ. दवाखान्यातून घरी जाणं, एका देशातून दुसऱ्या देशात जाणं, किंवा कालपर्यंत नुसती बायको असलेल्या बाईनं आज शुश्रूषा करणारी होणं. माणूस अशा उंबरठ्यावर अडखळतो, तिथं नर्स हवी. हीच त्यांची ट्रान्झिशन्स थिअरी. सॅन फ्रान्सिस्कोत कित्येक वर्षं शिकवून, संशोधन करून पुढे २००२ ते २०१४ त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नर्सिंगच्या डीन होत्या.

कॉलेजात हा पेपर मी निव्वळ घोकंपट्टीवर काढला होता, खोटं कशाला बोलू!

आजींना वॉर्डचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून दिला. त्यांनी चिठ्ठी आणि मोसंबी दोन्ही पिशवीत टाकलं. ती मोसंबी खाऊ नका, हे मात्र दोनदा बजावलं.