वास येत नाही का?

घरी पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याला आमच्या परसातल्या, पाच पायऱ्या चढून जाव्या लागणाऱ्या त्या चिरेबंदी खोलीचा उपयोग कळला की तो थोडा वेळ गप्प राहतो, चहा संपवतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "पण वास येत नाही का?" गेली सहा वर्षे आम्ही दोघे नवराबायको आमचा मैला पाण्याने वाहून न देता त्या खोलीखाली कुजवतो आणि त्याचे सोनखत माडांना घालतो. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

वास येत नाही. मात्र का येत नाही हे सांगितल्याशिवाय या उत्तरावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. मूत्र आणि विष्ठा एकत्र आली की मूत्रातल्या युरियाचे वेगाने विघटन होऊन अमोनिया सुटतो आणि सार्वजनिक मुताऱ्यांची ती ओळखीची दुर्गंधी तयार होते. दोन्ही वेगळे ठेवले आणि विष्ठा कोरडी राहिली तर दुर्गंधीचे मुख्य कारणच उरत नाही. आमच्या भांड्याला म्हणून तीन वाटा आहेत. पुढच्या उतारावरून मूत्र नळीने बाहेरच्या कॅनमध्ये जाते, मधल्या भोकातून मैला खालच्या कप्प्यात पडतो, आणि धुण्यासाठी अर्धे पाऊल मागे सरकून बसायचे असते, ते पाणी तिसऱ्या वाटेने पातेऱ्याने, म्हणजे वाळल्या पानांनी, झाकलेल्या केळीच्या आळ्यात उतरते. उठताना डबाभर चुलीची राख आणि चुरलेला पातेरा मधल्या भोकात टाकायचा आणि झाकण लावायचे. परदेशातल्या अशा कोरड्या संडासांची वर्णने वाचून प्रयोग करणारे आपल्याकडे फसतात ते बहुधा या तिसऱ्या वाटेपाशी, कारण ती वर्णने कागद वापरणाऱ्यांनी लिहिलेली असतात आणि आपल्याला तांब्याभर पाणी लागते.

एकदा मात्र वास आला. पहिल्याच पावसाळ्यात मुक्कामाला आलेल्या एका नातलगांनी सवयीप्रमाणे दोन तांबे पाणी थेट मधल्या भोकात ओतले, तेही तीन दिवस. कप्प्यात चिखल झाला, अळ्या झाल्या, आणि दार उघडताच नाक धरावे लागू लागले. पोतेभर तूस आणि घमेली भरभरून राख ओतल्यावर आठवड्याने ते पूर्ववत झाले. तेव्हापासून पाहुण्यांना घरातला फ्लशचा संडास दाखवतो; तो आम्ही पाडलेला नाही.

फ्लशचा संडास असताना हा खटाटोप कशासाठी, असे काही जण विचारतात. आमच्या कणकवली तालुक्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही मे महिन्यात आमच्या विहिरीचा तळ दिसतो. त्या दिवसांत हंड्याने शेंदलेले पिण्याजोगे पाणी, दर खेपेला जुन्या टाकीतून दहा लिटर या हिशेबाने, संडासात ओतणे मला उधळपट्टी वाटू लागले होते. त्याहून मोठे कारण जांभ्याचे आहे. जांभा दगड सच्छिद्र आणि भेगाळ असतो. पावसाळ्यात भूजल वर चढते, फ्लशच्या संडासाच्या शोषखड्ड्यात शिरते, आणि खड्ड्यातले जे काही असेल ते मातीतून गाळून निघण्याआधीच भेगांवाटे शेजारच्या विहिरीकडे निघते. आमची विहीर खड्ड्यापासून फार लांब नव्हती. म्हणून कप्प्यांचा तळ जमिनीच्या वर घेतला, आतून सिमेंटचा गिलावा केला आणि वर पक्के छप्पर घातले. पायऱ्या आल्या त्या त्यामुळे.

कप्पे दोन आहेत. एक वर्षभर वापरायचा, मग त्याचे भोक बंद करून दुसरा उघडायचा आणि पहिल्याला पूर्ण वर्षभर हात लावायचा नाही. ढीग तापून त्यात 55 अंशांच्या वर उष्णता टिकली तर रोगजंतू लवकर मरतात हे खरे आहे, पण राखेच्या कोरड्या कप्प्यात तशी ऊब धरत नाही. तिथे राखेचा क्षार, कोरडेपणा आणि काळ यांवरच भिस्त ठेवावी लागते. सगळ्यांत चिवट असतात ती जंतांची अंडी. आपल्यासारख्या उष्ण हवेत ती निकामी होण्यासाठी वर्षाहून अधिक साठवण असावी असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मी त्यावर आणखी दोन-तीन महिने थांबतो आणि तरीही ते खत कोथिंबीर, मुळा, पालेभाजी यांच्या वाफ्यात घालत नाही. माड, आंबा आणि केळी एवढ्यांनाच देतो. पिकाला उपयोगी असा नत्राचा मोठा भाग खरे तर मूत्रात असतो, तो आठपट पाणी मिसळून माडांच्या आळ्यात जातो.

आता ज्या प्रश्नाची मी वाट पाहत असतो, आणि जो सहसा कोणी विचारत नाही, त्याकडे येतो. कप्पा रिकामा कोण करते?

पहिला कप्पा उघडण्याची वेळ आली तेव्हा एका शेजाऱ्यांनी अगदी सद्भावनेने म्हटले होते, "तुम्ही कशाला हात घालता? माणूस पाठवतो." कोणत्या वाडीतला माणूस, हे त्यांना सांगावे लागले नाही आणि मलाही विचारावे लागले नाही. आपल्या देशात मैल्याच्या खताविषयी बोलायचे तर टोपलीच्या संडासांचा आणि त्या टोपल्या पिढ्यान्पिढ्या डोक्यावरून वाहायला लावलेल्या जातींचा इतिहास ओलांडून पुढे जाता येत नाही. बादलीत मैला साठवून रोज ढिगावर नेण्याची पद्धत स्वस्त आहे, अन्यत्र लोक ती आनंदाने वापरतात. मी ती टाळली ती याच कारणाने. हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या 2013 सालच्या कायद्यानेही रेष नेमकी तिथेच ओढली आहे: मैला पूर्ण कुजण्याआधी माणसाला हाताळावा लागतो असे शौचालय बांधणेच निषिद्ध आहे.

आमच्या भागात हा विचार कायद्याच्या कितीतरी आधी झाला होता. कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैला सफाईचे काम स्वतःहून मागितले, ते नाकारले गेले तेव्हा अन्नत्याग केला, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास धरला. पुढे 1948 साली कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम उभा केला आणि मैल्याचे खत होईल अशा सोप्या संडासांचा पाठपुरावा केला. खत आणि अस्पृश्यतानिवारण ही त्यांच्या दृष्टीने दोन निरनिराळी कामे नव्हती. आज सेंद्रिय शेतीच्या उत्साहात यातले अर्धेच उचलले जाते, याचे मला वाईट वाटते.

तर कप्पा मी रिकामा करतो. मे महिन्यात, पावसाच्या आधी, मागचे फळीचे दार काढून फावड्याने. पहिल्या वर्षी छाती धडधडत होती, हे कबूल करतो. आत राखाडी-तपकिरी, भुसभुशीत, फणसाखालच्या जुन्या पातेऱ्यासारखा वास असलेले काहीतरी होते. वीसेक घमेली भरली. हातमोजे आणि बूट तरीही घालतो, काम संपल्यावर अंघोळ करतो.

फ्लॅटमध्ये हे जमेल का, असे विचारणाऱ्यांना मी नाही म्हणतो. जागा, राख, पातेरा आणि खत घालायला स्वतःची झाडे यांतले काहीच तिथे नसते. माझे वय आता बासष्ट आहे, गुडघे कुरकुरतात. मुलगा पुण्याला असतो; मे महिन्यात येऊन फावडे धरीन असे तो म्हणतो, आणि दोन वर्षे त्याने धरलेही आहे. त्याला जमेनासे झाले आणि मलाही, तर दोन्ही भोके बंद करून आम्ही घरातला फ्लशचा संडास वापरू. माणूस बोलावणार नाही.