डोंगर डावीकडे आला की

पहिल्या दिवसाचं सांगण्यासारखं काही नाही. स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाड्या, चालवायला ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकला पोचलो, ढीगभर कागदांवर सह्या केल्या, पुरलेला बीकन (हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस सापडावा म्हणून अंगावर बाळगायचं संदेशयंत्र) शोधायचा सराव केला आणि झोपलो. एक आकडा मात्र डोक्यात घर करून बसला: 1971-72च्या हिवाळ्यात इथून जवळच्या माउंट कोपलंडवर साडेचोवीस मीटर बर्फ पडला होता. कॅनडातला विक्रम.

दुसऱ्या दिवशी मी, मित्र आणि गाइड असे तिघं बोल्डर माउंटनकडे निघालो. स्लेडही, म्हणजे स्नोमोबाइलही, तीन. स्की-डूची समिट 850, तिचा ट्रॅक, म्हणजे चाकांऐवजी खाली फिरणारा दातेरी पट्टा, 165 इंची. पोलारिसची प्रो-आरएमके 850, 155 इंची. आणि आर्क्टिक कॅटची अल्फा वन, 154 इंची. आलटून पालटून चालवायच्या आणि कुठली बरी ते ठरवायचं, असा बेत.

वरपर्यंत यंत्राने दाबून सपाट केलेली वाट आहे. तिच्यावर तिन्ही गाड्यांनी वैताग आणला. लांब ट्रॅक मागून रेटतो, पुढच्या स्की हलक्या होतात, आणि हँडल वळवलं तरी गाडी आपली सरळ. त्यात या गाड्यांच्या दोन स्कींमधलं अंतर कमी, म्हणून वळणावर कलंडायची भीती. शिवाय इंजिन थंड राहतं ते ट्रॅकने उडवलेल्या बर्फावर. कडक वाटेवर बर्फ उडतच नाही. म्हणून स्क्रॅचर, म्हणजे बर्फ खरवडणाऱ्या तारा, खाली सोडायच्या. या तारा लक्षात ठेवा, मी ठेवल्या नाहीत.

वाट सोडून भुसभुशीत बर्फात शिरलो आणि त्याच गाड्या वेगळ्याच झाल्या. मोकळ्या उतारावर मी स्वतःवर खूश होतो. मग झाडीतला एक तिरका उतार आला. डोंगर डावीकडे, खाली ओढ्याची घळ. माझ्याकडे समिट होती. तिरक्या उतारावर स्की किंचित दरीकडे वळवायच्या, हँडल डोंगराकडे ओढायचं आणि थ्रॉटलचा (उजव्या मुठीजवळच्या, अंगठ्याने दाबायच्या वेगाच्या खटक्याचा) झटका द्यायचा, की गाडी डोंगराकडच्या कडेवर उभी राहते. राहायला हवी. माझी राहिली नाही. दोनदा सपाट झाली, तिसऱ्यांदा घसरत खाली गेली आणि एका फरच्या बुंध्याभोवतीच्या पोकळ खड्ड्यात नाक खुपसून थांबली. साधारण 200 किलोचं धूड. फावड्याने उकरताना जॅकेटच्या आत घामाचा पूर, बाहेर पापण्यांवर बर्फ. ट्रॅक फार लांब आहे, वळतच नाही, अशी माझी बडबड चालू होती.

गाइड काही बोलला नाही. तीच समिट घेऊन त्याच उतारावरून, माझ्याच चरांच्या वरून, आरामात पलीकडे गेला. परत आल्यावर त्याने फक्त माझा उजवा हात धरून दाखवला. डोंगर डावीकडे असला की अंग डावीकडे झुकतं आणि थ्रॉटल राहतो पार उजव्या टोकाला. हात ताणला जातो, अंगठा एकतर सैल सुटतो नाहीतर एकदम दाबला जातो. पाय बदलून उभं राहा, म्हणाला: उजवा पाय डाव्या बाजूच्या पाय ठेवायच्या फळीवर, डावा मोकळा.

मित्र मात्र गप्प बसणारा नव्हे. "अंगठा तुझा, आणि शिव्या समिटला?"

त्यानंतरच तुलनेला काही अर्थ आला. अल्फा वनच्या मागच्या सस्पेन्शनला ट्रॅक ज्यांच्यावरून फिरतो त्या दोन रेल्सऐवजी (पट्ट्यांऐवजी) मधोमध एकच आहे, त्यामुळे ट्रॅक दोन्हीकडे कलतो. बोटाने ढकलावी इतक्या सहज ती कडेवर येते. पण माझ्यासारख्या घाबरटाला ती जरा जास्तच आज्ञाधारक वाटते, अंगाची प्रत्येक चूक लगेच ऐकते. पोलारिस ताठ. जिकडे बघाल तिकडे जाते, झाडांमधून शेवटच्या क्षणी दिशा बदलायची तर तिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही, मात्र दिवसभरात दंड भरून येतात. समिटचाही ट्रॅक थोडा कलतो, शिवाय त्याच्या कडा लवतात. एकदा कडेवर बसली की शांत. जिला मी सकाळभर शिव्या घातल्या, तिच्यावरूनच संध्याकाळी तो उतार पार केला. एकदाच, दुसऱ्यांदा जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी हिमस्खलनाचा धोका वाढला म्हणून वर जायला मिळालं नाही. खालच्या झाडीत मी डावीकडचे उतार शोधत फिरलो. मित्र कंटाळून केबिनमध्ये जाऊन बसला.

परतताना वाटेवर स्क्रॅचर सोडले, एक वळण चुकलं, आणि रिव्हर्सचं बटण दाबलं. या टू-स्ट्रोक गाड्यांत रिव्हर्स म्हणजे इंजिनच क्षणभर मंदावून उलटं फिरू लागतं, त्या गमतीत तारा वर घ्यायच्या राहिल्या. कट्कन आवाज आला. गाड्या भाड्याने देणाऱ्याने अनामत रकमेतून त्याचे पैसे कापले, ते योग्यच. पण ट्रॅकच्या एका दाताला आधीपासून असलेली चीरही त्याने माझ्याच नावावर मांडली. गाडी घेताना फोटो काढले होते, सगळे डोंगराचे.