खिडक्या कुठल्या कंपनीच्या, हे तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या गोव्यातल्या मांद्र्याच्या घरी हल्ली जो येतो तो आधी खिडक्यांकडे बघतो आणि मग विचारतो, "जनेलां खंयच्या कंपनीचीं?" गणपतीच्या चवथीला आरतीला आलेले विचारतात, पुण्याहून आलेली नणंद विचारते, परवा गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या मुलानेही विचारलं. मी नाव सांगायला टाळाटाळ करते म्हटल्यावर काहींना वाटतं, बाई काहीतरी लपवते आहे. लपवण्यासारखं काही नाही. नुसतं नाव घेऊन तुमचं काम व्हायचं नाही, आणि ते का, हे दारात उभ्या उभ्या सांगता येत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आमचं घर चिऱ्यांचं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. समुद्र दिसत नाही, पण रात्री गाज ऐकू येते, आणि गाजेबरोबर मीठही येतं. गेटच्या बिजागऱ्या दर दोन वर्षांनी बदलाव्या लागतात, देवघरातलं पितळ घासल्यावर चार दिवसही उजळ राहत नाही. खिडक्या फणसाच्या लाकडाच्या होत्या, मधे उभे गज, बाहेर उघडणाऱ्या झडपा. त्यांनी साठेक पावसाळे काढले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा पश्चिमेची एक झडप बिजागरीसकट निघाली आणि माडाच्या बुंध्याशी जाऊन पडली. पुढचे पाच दिवस वीज नव्हती. त्या दिवसांत बॅटरीच्या उजेडात बाकीच्या चौकटी तपासल्या, तर दोन-तीन ठिकाणी बोट सरळ आत जात होतं. वाळवी. वरून ऑइलपेंट शाबूत, आत भुसा.

पहिल्या खेपेला मी तेच केलं जे बहुतेक सगळे करतात. तीन ठिकाणांहून भाव मागवले, चौरस फुटाचे आकडे एकाखाली एक लिहिले आणि सगळ्यांत कमी होता तो निवडला. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, सात नग, मे २०२२ चा शेवटचा आठवडा. आकाशात ढग, अंगणात सिमेंट, माणसं दुसरीकडे जायच्या घाईत. चार दिवसांत काम आटोपलं आणि उरलेले सगळे पैसे मी त्याच संध्याकाळी दिले. चहा-भजीही दिली.

जूनमध्ये वारा पश्चिमेकडून लागला आणि माझ्या पलंगाखाली पाणी आलं.

खिडकी गळते कशी, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत पाऊस शिरणारच, त्यात कोणाचा दोष नाही. ते पाणी बाहेर जावं म्हणून चौकटीला बाहेरच्या अंगाने बारीक भोकं ठेवलेली असतात. आमच्या फिटरने ती सिलिकॉनने बुजवली होती. का, तर मुंग्या येतात म्हणून! शिवाय चौकट बसवताना खाचेच्या तळातूनच स्क्रू मारले होते, त्यामुळे तुंबलेलं पाणी स्क्रूच्या भोकांतून थेट भिंतीत उतरत होतं. चिरा पाणी पितो. आठवड्यात खिडकीखालचा गिलावा फुगला, ऑगस्टपर्यंत त्यावर काळी बुरशी चढली. कंपनीला फोन केले. आधी "उद्या येतो", मग "चवथ झाल्यावर येतो", मग फोन लागेनासा झाला.

दुसऱ्या खेपेला घाई केली नाही. चार महिने फक्त बघण्यात आणि विचारण्यात घालवले. त्यात सगळ्यांत आधी समजलं ते हे की "कंपनी" म्हणून आपण ज्याला म्हणतो त्यात तीन वेगवेगळी माणसं असतात. एक चौकटीची पट्टी बनवणारा, म्हणजे प्रोफाइलवाला. जाहिरातीत नाव झळकतं ते बहुतेकदा याचं. दुसरा फॅब्रिकेटर, जो ती पट्टी मापाने कापून, जोडून, काच घालून खिडकी तयार करतो. तिसरा फिटर, जो ती तुमच्या भिंतीत बसवतो. काही मोठ्या कंपन्या तिन्ही कामं आपल्या नावाखाली करतात, पण पुष्कळ ठिकाणी पट्टी परदेशी नावाची, फॅब्रिकेटर म्हापशाचा आणि फिटर त्या आठवड्यात जो मोकळा असेल तो. आमचं पहिलं काम पट्टीवर बिघडलंच नव्हतं. बिघडलं ते सिलिकॉनच्या नळीवर आणि चार स्क्रूंवर. तेव्हापासून जो कोणी दुकानात बसून प्रोफाइलची महती सांगायला लागे, त्याला मी विचारायची, "बसवायला कोण येणार? तुमची पगारी माणसं की ठेकेदाराची?" अर्ध्या लोकांचा चेहरा तिथेच उतरायचा.

चौरस फुटाच्या भावाचंही तसंच. तोच आकडा दोघांकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. काच ४ मिलिमीटरची की ६ ची, साधी की टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली? यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट, असेल तर पट्टीच्या पोटात लोखंडी नळी आहे की नुसतं प्लास्टिक? अॅल्युमिनियम असेल तर पत्रा किती जाड, पावडर कोटिंगच्या रंगाचा थर किती मायक्रॉन? जाळी धरली आहे का? जुनी चौकट काढणं, गिलाव्याची डागडुजी, वाहतूक, जीएसटी? एकाने तर मापच वाढवून धरलं होतं, पुढच्या सहाच्या पटीतल्या इंचांपर्यंत. "काच कापून फुकट जाते हो वहिनी." जात असेल, पण मग ते कागदावर लिहा. मी शेवटी सगळ्यांना एकाच खिडकीचं, चार फूट बाय पाच फुटांचं, सगळं धरून किती होतील ते लिहून मागितलं. वीस चौरस फूट, एक रक्कम. तेव्हा कुठे तुलना करता आली.

फ्रिजवर गणपतीचं एक चुंबक चिकटवलेलं होतं. ते मी पर्समध्ये घालून हिंडायचे. यूपीव्हीसीच्या चौकटीला ते लावून बघायचं. आत गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची नळी असली तर प्लास्टिकवरूनही ओढ जाणवते, नसली तर गणपती घसरून खाली येतो. रुंद खिडकीला, पश्चिमेच्या वाऱ्यात, ती नळी हवीच. नाहीतर चौकट वाकते आणि झडप नीट लागत नाही. मग तेच चुंबक स्क्रूंना आणि बिजागऱ्यांना लावायचं. इथे उलट, ते जोरात चिकटलं तर समजायचं की चांगल्या स्टेनलेसच्या नावाखाली साधं लोखंड नाहीतर हलक्या प्रतीचं स्टेनलेस देताहेत. स्टेनलेसमध्येही ३०४ आणि ३१६ असे प्रकार असतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. हा फरक मात्र चुंबकाला कळत नाही, तो बिलावर लिहून घ्यावा लागतो. फोंड्याला किंवा साखळीला राहणाऱ्याने याची फार चिंता करू नये. किनाऱ्यावरच्याने करावी.

लाकूड, अॅल्युमिनियम की यूपीव्हीसी, हा वाद मी फार घालत नाही. चांगलं सागवान सगळ्यांत सुंदर, पण दर दोन-तीन वर्षांनी पॉलिश करणारं कोणी घरात हवं. जाड पत्र्याचं, नीट कोटिंग केलेलं अॅल्युमिनियम उत्तम चालतं, आणि एखादं माप थोडं चुकलं तर जागेवर कापून सुधारता येतं. यूपीव्हीसीचे कोपरे कारखान्यात तापवून जोडलेले असतात. ते पाणी धरत नाहीत, गंजत नाहीत, पण माप चुकलं की खिडकी परत न्यावी लागते. आम्ही पश्चिमेला चार खिडक्या यूपीव्हीसीच्या, बाहेर उघडणाऱ्या झडपांच्या केल्या. सरकत्या खिडकीत फटीला ब्रश असतो, झडपेला चारी बाजूंनी रबर दाबून बसतं, आणि तिरप्या पावसात हा फरक चांगलाच दिसतो. गज आतल्या बाजूला घ्यावे लागले. ते सासूबाईंना अजून आवडलेले नाहीत.

घरं बघायला मी मुद्दाम जुलैत गेले. कंपन्या आपलं काम दाखवायला डिसेंबरात नेतात, तेव्हा कुठलीही खिडकी छान दिसते. मी तिसरा पावसाळा झेलत असलेली घरं मागितली. एक शिवोलीचं, एक पर्वरीला सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट. गेल्यावर काच आणि हँडल बघायचं नाही, खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांखालची भिंत बघायची. तिथे रंग फुगलेला असेल, पिवळा ओघळ असेल, तर मालक काहीही सांगो. पर्वरीच्या ताईंनी तर नवीन रंग लावलेला होता, पण कपाट नेमकं त्या कोपऱ्यासमोर सरकवून ठेवलं होतं. मी काही बोलले नाही. आणि मालकाला "तक्रार आली का" असं विचारण्यापेक्षा "नंतर किती वेळा यावं लागलं" हे विचारावं. शिवोलीचे गृहस्थ म्हणाले, "दोनदा आले. दुसऱ्यांदा भर पावसात आले." माझा निर्णय तिथेच अर्धा झाला.

माप घ्यायला आला तो माणूस मी कधी विसरणार नाही. याआधीचे टेप लावून एक रुंदी, एक उंची घेऊन जायचे. याने रुंदी तीन ठिकाणी घेतली, उंची तीन ठिकाणी, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं. चिऱ्यांच्या जुन्या घरात कुठलीही खिडकी काटकोनात नसते. आमची एक वरपेक्षा खाली पाऊण इंच रुंद निघाली. त्याने सगळ्यांत लहान माप धरलं, चारी बाजूंना थोडी फट ठेवली आणि मग खालच्या दगडी पट्टीवर पाण्याचे चार थेंब टाकले. थेंब आत, खोलीकडे आले. "ही पट्टी आधी बाहेरच्या उताराने बसवा, मग मी खिडकी करतो," म्हणाला. गवंडी बोलवावा लागला, पंधरा दिवस गेले. पण जो विक्रेता आपली ऑर्डर पंधरा दिवस लांबवून पट्टी दुरुस्त करायला सांगतो, त्याच्यावर मी विश्वास टाकते.

दुहेरी काचेचं म्हणाल तर जानेवारी २०२३ ला मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या भागात तिचा सुळसुळाट झाला आहे. "विमानाचा आवाज अजिबात येणार नाही, मॅडम." येणार नाही, खिडकी बंद असेल तर! आम्ही वर्षातले आठ महिने खिडक्या उघड्या टाकतो, नाहीतर कपड्यांना बुरशी येते. एसीची एक खोली असेल तर तिथे जरूर घ्या. सगळ्या घराला घालून माझ्यासारख्यांचे पैसे वाया. त्याऐवजी डासांच्या जाळीवर खर्च करा.

पैशांचं एक सांगते, कारण तिथे मी पोळले. या खेपेला दहा टक्के रक्कम राखून ठेवली, पहिला मोठा पाऊस होईपर्यंत, आणि ते आधीच कागदावर लिहिलं. एकाने ऐकूनच काम सोडलं. बरं झालं. वॉरंटीही सुटी सुटी वाचली: पट्टीची वेगळी, काचेची वेगळी, हँडल-बिजागऱ्यांची वेगळी, आणि बसवण्याची बहुतेकदा नसतेच. समुद्रापासून अमुक अंतराच्या आत वॉरंटी लागू नाही अशी ओळ कुठे दडलेली आहे का, तेही शोधा. बसवून झाल्यावर फिटर जायच्या आत तांब्याभर पाणी खाचेत ओता. भोकांतून धार बाहेर पडली पाहिजे. मग बागेचा पाइप घेऊन बाहेरून दहा मिनिटं मारा. आणि सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर थांबवा. तो प्रकार सिमेंटला नीट धरत नाही आणि धातूही खातो. 'न्यूट्रल' नावाचा प्रकार मागा.

समोरच्या दोन खिडक्या मात्र मी बदलल्या नाहीत. त्यांचं लाकूड ठणठणीत होतं, वर ओसरीचं मोठं छप्पर आहे. गावातल्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, खालचे दोन तुकडे बदलून दिले, खर्च एका यूपीव्हीसी झडपेहून कमी. पूर्वेच्या तीन अॅल्युमिनियमच्या खिडक्याही तशाच ठेवल्या, फक्त बुजवलेली भोकं उघडली. ज्यांच्या घरी अजून शिंपल्यांच्या, म्हणजे काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेल्या, खिडक्या आहेत त्यांनी तर कुठल्याच कंपनीला हात लावू देऊ नये. ते शिंपले झुवारीच्या खाडीत, चिखलीच्या बाजूला मिळायचे. आता ती जात वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, आणि एकदा काढून टाकलेली खिडकी पुन्हा भरून मिळत नाही.

आता नाव. ज्या कंपनीने आमचं काम केलं तिचं दुकान आहे, बोर्ड आहे, सगळं आहे. पण ज्याने तीन-तीन मापं घेतली आणि जो बसवायलाही आला, तो फिटर गेल्या वर्षी ती सोडून स्वतःचं काम करायला लागला. त्याच कंपनीने आमच्या मागच्या वाडीत एका घरी यंदा खिडक्या बसवल्या, तिथे भोकं पुन्हा बुजवलेली आहेत. मी स्वतः जाऊन पाहिलं. फिटरला विचारून, ज्याला हवा त्याला त्याचा नंबर देते. एप्रिल-मेमध्ये मात्र फोन करू नका, तो उचलत नाही. चवथ उरकली की करा.

आणि हो, आमची स्वयंपाकघराची खिडकी अजून थोडी पाझरते. त्या फिटरला बोलावलं, त्याने खिडकीवर पाणी मारलं, काही झालं नाही. मग वरच्या छज्ज्यावर मारलं, तर पाच मिनिटांत ओट्यावर थेंब. छज्जा आणि भिंत यांच्यामधे केसाएवढी भेग आहे. गवंडी दिवाळीनंतर येतो म्हणाला आहे. तोवर तिथे फडका ठेवते.