तुम्ही विचारलंत म्हणून: दरवर्षी तिथेच का?

"यंदाही भाजेच? अगं, मागच्या वर्षी तिथेच गेला होतात ना?" जुलै उजाडला की हा प्रश्न मला येतोच. ऑफिसात डबा खाताना येतो, सोसायटीच्या लिफ्टमध्ये येतो, आणि सगळ्यात जोरात येतो तो माझ्या धाकट्या जावेकडून. तिच्या फोनमध्ये पुण्याच्या आसपासची, मुलांना न्यायची निदान वीस ठिकाणं कायम तयार असतात. डिसेंबरात हाच प्रश्न हुरड्यावरून येतो, फेब्रुवारीत भिगवणवरून, मेमध्ये सिंहगडावरून. पोरांना नवीन काही दाखवावं असं वाटत नाही का? कंटाळा येत नाही का?

आजवर "सवय झालीय हो" म्हणून मी वेळ मारून नेली. पण इतक्या जणांनी विचारलंत, तर एकदा नीटच सांगते.

कंटाळा येतो. मला येतो, नवऱ्याला येतो. मुलांना मात्र अजून एकदाही आलेला नाही, आणि हे लक्षात यायला मला तीन-चार वर्षं लागली.

भाज्याच्या लेण्यांपासून सुरुवात करते. 2018च्या पावसाळ्यात आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा थोरली दीड वर्षाची होती. शिवाजीनगरहून लोणावळ्याची सकाळची लोकल, लोणावळ्याच्या आधीचं मळवली स्टेशन, तिथून एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडून भाजे गाव आणि मग पायऱ्या. मोठ्या माणसाला हे अंतर काहीच नाही. थोरलीने नवऱ्याच्या पाठीवरच्या झोळीत झोपून अख्खी लेणी 'पाहिली'. दुसऱ्या वर्षी ती स्वतःच्या पायाने चढली आणि लेण्यांपर्यंत पोचलीच नाही. पायऱ्यांवर गोगलगायी होत्या. हात लावला की गुंडाळी होणारा वाणी होता. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारणाऱ्या पाण्यात पान सोडायचं, ते खालच्या पायरीवर अडकलं की काठीने ढोसायचं, असा तासभर कार्यक्रम झाला. नवरा वैतागला, "एवढं लांब आलो ते पान ढोसायला?" मीही वैतागले होते, खोटं कशाला बोलू.

पुढचे दोन पावसाळे करोनाने खाल्ले. 2022मध्ये गेलो तेव्हा ती पाच वर्षांची, पायऱ्या मोजत चढणारी. इंग्रजी माध्यमातली असली तरी आजीने अंक मराठीत पाठ करून घेतले होते. अठ्ठावीसपर्यंत गाडी सुरळीत गेली. एकोणतीसला ती थांबली, मागे वळली आणि म्हणाली, "आई, तीस झाले का?" नाही, अजून एक कमी आहे. "मग तीसचं नाव आत्ताच का घेतलं?" मला उत्तर देता येईना. तिने पायरीवर बसकण मारली आणि या अन्यायाचा निकाल लागेपर्यंत हलणार नाही असं जाहीर केलं. मागून येणाऱ्या एका आजोबांनी तिला समजावलं की एकोण म्हणजे एक उणा, तीसाला एक कमी. ते तिला पटलं असावं, कारण पुढच्या वर्षी एकोणपन्नासाला ती न थांबता ओरडली, "एक उणा!" भाज्याला नक्की किती पायऱ्या आहेत हे आम्हाला आजही ठाऊक नाही. दरवर्षी वेगळा आकडा येतो, कारण मध्येच कोणीतरी पाणी मागतं.

गेल्या वर्षी पहिल्यांदा तिने लेणं पाहिलं. म्हणजे खरंच पाहिलं. भाज्याच्या चैत्यगृहातले, म्हणजे बौद्ध प्रार्थनेच्या दालनातले, खांब सरळ उभे नाहीत, ते आत झुकलेले आहेत. मी पाच वेळा तिथे जाऊनही याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. ती खांबाला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "हे पडतायत." मग गंमत म्हणून आम्ही तिला हाताने धरून खांबाइतकं तिरकं केलं. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब असे कलते रोवत असणार, आणि तीच रीत कारागिरांनी दगडात उतरवली, हे नवऱ्याने तिथेच सांगितलं. आधी लाकूड आणि मग दगड, हे तिला भलतंच आवडलं. वर छताला लाकडाच्या कमानी आहेत, त्यातलं काही लाकूड दोन हजार वर्षांपूर्वीचं. "आपल्या शेल्फला तर मागच्या पावसाळ्यात वाळवी लागली," असं ती म्हणाली, त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. बाहेर चौदा स्तूप एकत्र आहेत, तिथे या वर्षी धाकटा अडकला. चार वर्षांचा आहे. त्याच्या मते ती लाडवांची फॅक्टरी आहे.

आता यात ठिकाण एकच आहे का? झोळी, पान, एकोणतीस, तिरका खांब, लाडू. मला तर या पाच वेगळ्याच सहली वाटतात. फरक इतकाच, की पोर किती वाढलं हे दिसायला मागची पायरी तिथेच असावी लागते. घरी भिंतीवर पेन्सिलने उंची मोजतो, तेव्हा दरवेळी नवी भिंत घेत नाही आपण.

अर्थात दुसरं कारण अगदीच व्यवहाराचं आहे, आणि ज्यांच्या घरी सहा वर्षांखालचं मूल आहे त्यांना ते लगेच कळेल. सहल निसर्गावर चालत नाही, ती भूक, झोप आणि शी यांवर चालते. ओळखीच्या ठिकाणी संडास कुठे आहे आणि तो कितपत जाण्याजोगा आहे हे माहीत असतं. कुठल्या टपरीवरचा चहा चांगला, कुठे ओले कपडे बदलायला आडोसा आहे, पाऊस वाढला तर कुठून माघारी फिरायचं, सगळं माहीत असतं. मळवलीच्या लोकलना दुपारी बराच खंड पडतो, हे आम्ही एकदा गाडी चुकवून शिकलो. फलाटावर भाजलेली कणसं खात, मालगाडीचे डबे मोजत काढलेला तो वेळ मुलांच्या मते त्या सहलीतला सर्वोत्तम भाग होता. आमच्या मते नव्हता. आता वेळापत्रक बघूनच निघतो, आणि शक्यतो रविवार टाळतो, कारण पावसाळ्यातल्या रविवारी भाज्याच्या धबधब्याखाली जी गर्दी उसळते तिच्यात चार वर्षांचं पोर नेणं म्हणजे विकतचं दुखणं.

नवीन ठिकाणं केली नाहीत असंही नाही. जावेच्या यादीतलं एक रिसॉर्ट केलं. नाव घेत नाही. 'ग्रामीण जीवनाचा अनुभव' असं फलकावर लिहिलं होतं. बैलगाडी होती, ती सिमेंटच्या गोल रस्त्यावर दोन फेऱ्या मारायची आणि तिसऱ्या फेरीचे वेगळे पैसे. दुपारी डीजे सुरू झाला तो पाचपर्यंत. धाकट्याने कानावर हात ठेवून जेवायला नकार दिला. थोरलीला पोहण्याचा तलाव आवडला, ते खरं. पण घरी येताना तिने विचारलं, "इथे पुढच्या वर्षी पण हेच असणार?" आणि हा प्रश्न तिने भाज्याबद्दल कधीच विचारलेला नाही.

कासलाही एकदा गेलो. पठार सुंदर आहे, 2012मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते उगाच नाही. पण लहान मुलांना नेऊ नका, असं माझं मत. चिमुकली फुलं जमिनीलगत असतात, आणि पळू नको, बसू नको, तोडू नको एवढंच आपण दिवसभर म्हणत राहतो. मूल दहा-बारा वर्षांचं झालं की जावं. आम्हीही तेव्हाच पुन्हा जाऊ.

हुरड्याचं मात्र वेगळं. तिथे सगळं हाताने करायचं असतं. माझ्या आतेभावाचं शेत शिरूरच्या पुढे आहे. ज्वारीचं कणीस दुधातून जरा पुढे सरकलं, पण दाणा अजून कडक झालेला नाही, एवढ्या मोजक्याच दिवसांत हुरडा. त्यामुळे तारीख आम्ही ठरवत नाही, शेत ठरवतं. दादा थोडी गुळभेंडी, थोडी सुरती आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरतो, म्हणजे पाहुणे पुढेमागे झाले तरी चालतं. जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्यांची आगटी पेटवायची, रखरखत्या राखेत कणसं खुपसायची, बाहेर काढली की गरम असतानाच चोळायची. वहिनी तळहातावर चोळते. आम्ही शहरातले लोक पोत्याच्या तुकड्यावर चोळतो आणि तरी हाय-हुय करतो. मग फुंकर मारून कोंडा उडवायचा. धाकट्याच्या पहिल्या फुंकरीत कोंड्याबरोबर हुरडाही उडाला आणि आजीच्या पदरात पडला. आजी म्हणाली, "बरं झालं, माझ्यापर्यंत कोणी आणून देतच नव्हतं."

आमच्या सासूबाई भाज्याला येत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. पण हुरड्याच्या दिवशी पहाटे पाचलाच तयार. शेंगदाण्याची चटणी घरून त्याच नेतात, वहिनीची चटणी झणझणीत असते म्हणून. आणि हुरड्यावर पाणी प्यायचं नाही, ताक प्यायचं, हा त्यांचा हुकूम. थोरलीने एका वर्षी गपचूप बाटलीभर पाणी प्यायलं आणि परतीच्या वाटेवर रांजणगावच्या आसपास पोट धरून बसली. पाण्यानेच दुखलं की दोन मुठी हुरडा, ऊस, बोरं, गूळ आणि दही एकत्र पोटात गेल्याने, हे देवाला माहीत. पण तेव्हापासून ताकाचा नियम मोडायची कोणाची टाप नाही.

थंडी सरता सरता भिगवण. उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात ते तुम्ही फोटोत पाहिलेच असतील. सोलापूर रस्त्याने पुण्यापासून शंभरेक किलोमीटर. पहाटे निघायचं, मुलं गाडीत झोपलेली असतात, म्हणजे घाटही नाही आणि उलट्याही नाहीत. होडीवाले इथले मासेमारच. त्यांना चित्रबलाक, शेकाटे, पट्टकादंब अशी सगळी नावं पाठ. हा पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो असं होडीवाल्या काकांनी सांगितलं, तेव्हा धाकट्याने फक्त एवढंच विचारलं, "मध्ये सू कुठे करतो?"

पण मला आठवतो तो त्याच्या आधीच्या वर्षीचा प्रसंग. काकांनी होडी मधेच थांबवली, वल्हं पाण्यात उभं धरलं आणि म्हणाले, "इथं खाली आमचं जुनं गाव हाय." धरण 1980 साली पूर्ण झालं, तेव्हा भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, ते लोक बघायला जातात. काका त्या वेळी शाळकरी पोर होते. थोरली होडीच्या कडेवरून वाकून पाण्यात बघायला लागली, मी तिचा फ्रॉक मागून घट्ट धरलेला. "शाळा पण खाली आहे?" "व्हय, शाळा बी." "मग सुट्टी मिळाली?" काका हसले. म्हणाले, "लई दिवस मिळाली गं." आणि वल्हं मारायला लागले. काठावर पोचल्यावर त्यांच्या घरी चिलापीचं कालवण आणि भाकरी जेवलो. या वर्षी गेलो तेव्हा होडीत पाय ठेवताच थोरलीने विचारलं, "काका, तुमची शाळा कुठे आली?" त्यांनी पुन्हा तिथे नेलं. रोहित पक्षी त्या दिवशी खूप लांब होते. तिला त्याचं काही वाटलं नाही.

सिंहगडाचं फार सांगत नाही, पुणेकराला ते काय सांगायचं. मे महिन्यात ऊन चढायच्या आत वर जाऊन मडक्यातलं दही खायचं आणि उतरताना पानाच्या द्रोणातली करवंदं घ्यायची. करवंद दाताने फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. आधी ओळखायचं, मग फोडायचं. हा खेळ माझ्या आईने मला शिकवला, त्याच गडाच्या पायथ्याशी. धाकटा दरवेळी कोंबडाच म्हणतो, आणि कोंबडी निघाली की चटकन गिळून टाकतो.

परवा दादाचा फोन आला. यंदा पाऊस लांबल्याने वापसा लवकर आला नाही, म्हणजे जमीन पेरण्याजोगी सुकलीच नाही, पेरणी मागे पडली, तेव्हा संक्रांतीच्या आधी येऊ नका म्हणाला. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर नाताळच्या सुट्टीत एक चौकट थोरलीने केव्हाच रंगवून ठेवली होती. तिने ती खोडली, नव्या वर्षाचं कालनिर्णय अजून आणलं नाही म्हणून मला दोन शब्द सुनावले, आणि जुन्याच्याच शेवटच्या पानाखाली, कोऱ्या पट्टीवर, पेनने लिहून ठेवलं: 'हूरडा. आजीने चटनी करने.' खाली धाकट्याने एक गोल काढलाय. ती आगटी आहे की लाडू, ते तो सांगत नाहीये.