खोडदची दुर्बीण: नववीच्या मुलांसोबत एक शुक्रवार

“मॅडम, डोळा कुठं लावायचा?”

खोडदला पहिल्या अँटेनाखाली उभं राहून आमच्या नववीतल्या एका पोरानं हे विचारलं, आणि तीन आठवडे तयारी करून घेऊनही मुळातली गोष्टच राहून गेली हे माझ्या लक्षात आलं. दुर्बीण म्हणजे नळी, नळीत भिंग आणि एक डोळा मिटून बघायचं, एवढंच पोरांच्या डोक्यात. इथे वर ४५ मीटर व्यासाची जाळीची तबकडी, खाली सिमेंटचा बुरूज. बघायचं म्हणाल तर त्या जाळीतून पलीकडचं आभाळ दिसतं, बस्स. तुम्ही वर्ग घेऊन जीएमआरटीला, म्हणजे जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या या महाकाय रेडिओ दुर्बिणीला, जाणार असाल तर ही निराशा आधी शाळेतच उरकून घ्या. आमचा पहिला अर्धा तास त्यातच गेला.

आम्ही संगमनेरहून गेलो. खगोल मंडळाची एकेचाळीस मुलं, आम्ही तीन शिक्षक. एसटीच केली. शालेय सहलीला निम्म्या भाड्यात गाडी मिळते, फक्त आगारात पत्र वेळेत द्यावं लागतं. यात माझा एक गाढवपणा सांगते. मी आधी गाडी ठरवली आणि मग भेटीची परवानगी मागितली. तारीख मिळाली दुसरीच. मग आगारात जाऊन हात जोडणं आलं. तेव्हा परवानगी हातात आल्याशिवाय गाडीचं बोलू नका. शाळेच्या लेटरहेडवर मुलांची संख्या, इयत्ता आणि सोबतच्या शिक्षकांची नावं लिहून विनंती पाठवायची. शाळांच्या भेटी शुक्रवारी असतात. वेळा आणि नियम त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या, आमच्यावर विसंबू नका.

दुसरा पर्याय २८ फेब्रुवारीचा. विज्ञान दिनाला खोडदला मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं, आवार सगळ्यांना खुलं असतं आणि जिल्ह्या-जिल्ह्यातून शाळा येतात. मी दोन्ही केलंय. पाचवी ते सातवीची मुलं असतील तर खुशाल विज्ञान दिनाला न्या. जत्रा असते, इतर शाळांचे प्रयोग बघायला मिळतात, पोरं खूश. पण आठवी-नववीला खरंच काही शिकवायचं असेल तर शुक्रवार. गर्दीत पोरं मोजण्यातच जीव जातो, प्रश्न कोण विचारणार?

रस्ता सोपा आहे. चंदनापुरी घाट, बोटा, आळेफाटा, नारायणगाव. पुण्याहून येणाऱ्यांना नारायणगाव ऐंशी किलोमीटरच्या आतच पडतं. बायपासनं सरळ निघून जाऊ नका, गावात उतरा आणि तिथून पूर्वेला खोडदचा रस्ता धरा. दहा-पंधरा किलोमीटर. दोन्ही बाजूंना ऊस, कांदा, द्राक्षबागा, आणि मध्येच शेताच्या पलीकडे एकदम एक पांढरट वाडगा उगवतो. आमच्या गाडीत त्या क्षणी जो आरडाओरडा झाला, त्यात ड्रायव्हरकाकासुद्धा होते.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे फोन बंद. सायलेंट नव्हे, फ्लाइट मोड नव्हे, बंद. मुलांचे फोन आम्ही आणूच दिले नव्हते, याचा मला जरा गर्व होता. तेवढ्यात तिथल्या माणसानं माझ्या मनगटाकडे बोट दाखवलं. ब्लूटूथचं घड्याळ! पोरांनी ते आठवडाभर पुरवून वापरलं. पण त्यामागचं कारण मात्र सगळ्यांच्या नीट डोक्यात बसलं. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की चंद्रावर एक चालू मोबाइल ठेवला, तर इथल्या दृष्टीनं तो आभाळातल्या सर्वांत ठळक स्रोतांपैकी एक ठरेल. मग शेजारी खिशात असलेल्या फोनचं काय! जागा इथे निवडली तीही याचसाठी. मोठ्या शहरांपासून लांब, आणि भोवती डोंगरांचा आडोसा. शिवनेरीच्या परिसरातले हे डोंगर आजही पहाऱ्यावर आहेत, असं मी म्हटलं तर इतिहासाचे सर एकदम खूश झाले.

आता जाळीकडे येते, कारण मुलांचं सगळ्यात जास्त अडलं ते तिथे. तबकडी भरीव पत्र्याची नाही. ०.५५ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी आहे, एक ते दोन सेंटिमीटरची भोकं असलेली, मागून ताणलेल्या दोरांवर बसवलेली. “मॅडम, यातून पाऊस खाली पडतो ना? मग लहरी का नाही पडत?” प्रश्न उत्तम होता. मी डब्यातली चाळण आणली होती (ही युक्ती जरूर वापरा, घरातली रव्याची चाळण आणि मूठभर राजमा पुरतो). रवा खाली पडतो, राजमा वर राहतो. आकाशातल्या हायड्रोजन वायूकडून येणारी रेडिओ लहर २१ सेंटिमीटर लांबीची, भोक दोन सेंटिमीटरच्या आतलं. त्या लहरीला ही जाळी म्हणजे सलग आरसाच. चाळणीचा दाखला पूर्ण खरा नाही, लहर म्हणजे राजमा नव्हे, हे नंतर सांगून टाकायचं. पण नववीला तिथून सुरुवात होते. शिवाय भोकांतून वारा निघून जातो. वाऱ्याचा दाब कमी, म्हणून सांगाडा हलका, म्हणून खर्च कमी. एवढ्या मोठ्या तीस तबकड्या आपल्या देशाला परवडल्या त्या या युक्तीमुळे. ती डॉ. गोविंद स्वरूप यांच्या चमूची. उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभी करणारेही तेच. २०२० साली ते पुण्यात वारले. आमच्या पोरांना चांद्रयानाची सगळी नावं पाठ, हे नाव एकालाही माहीत नव्हतं. चूक आमचीच.

जाण्याच्या आदल्या दिवशी फळ्यावर एक गणित करून घ्या. लहरीची लांबी भागिले तबकडीचा व्यास, की अंदाजे दृष्टीची तीक्ष्णता मिळते. ०.२१ भागिले ४५. अंशांत बदललं की साधारण पाव अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीएवढं. आपला साधा डोळा याच्या पंधरापट बारीक बघतो! एवढी अवाढव्य तबकडी आणि नजर आपल्यापेक्षा अधू, हे उत्तर आल्यावर वर्गात शांतता पसरते. मग ४५ च्या जागी २५ किलोमीटर घालायचे. तीसपैकी चौदा तबकड्या मधल्या चौरस किलोमीटरभर जागेत आहेत, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर लांबवर पसरल्या आहेत, आणि टोकाच्या दोन तबकड्यांमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. सगळ्यांचे संदेश ऑप्टिकल फायबरनं मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तिथे ते एकमेकांशी जुळवले जातात, म्हणून बारकाईपुरत्या सगळ्या मिळून २५ किलोमीटरच्या एकाच तबकडीसारख्या बघतात. आता उत्तर येतं दोन विकलांच्या आत (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). हे गणित करून आलेल्या मुलांनी तिथे वेगळे प्रश्न विचारले, न करता आलेल्यांनी डबा कधी ते विचारलं.

आणि एक प्रश्न माझ्या मनातही नव्हता: “दिवसाच आलोय, तर हे आत्ता बंद असेल ना?” बंद नसतं. हवा सूर्याचा उजेड विखुरते म्हणून दिवसा तारे लपतात. या लांब रेडिओ लहरी तशा विखुरत नाहीत. सूर्याच्या अगदी जवळचा भाग सोडला तर रेडिओ आभाळ भर दुपारीही काळंच असतं, ढगही आड येत नाहीत. हे समजावून सांगणं चालू असतानाच आमच्या समोरची तबकडी कुरकुरत हलायला लागली. मग तिच्या पलीकडची, मग त्यापलीकडची. दिसत होत्या तेवढ्या सगळ्या सावकाश एकाच दिशेला वळल्या आणि थांबल्या. कुणीतरी कुठेतरी नवा लक्ष्यबिंदू दिला असणार. एकेचाळीस पोरं गप्प. मी बारा वर्षं शिकवतेय, अशी शांतता मला परीक्षेच्या हॉलमध्येही मिळालेली नाही.

तिथे सांगितलेली एक गोष्ट परतीच्या गाडीत सगळ्यात जास्त घोळली. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं शियापारेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण संदेश खोडदच्या या तबकड्यांनी टिपला. जमिनीवर टेकायच्या थोडं आधी तो तुटला, यान आदळलं होतं. म्हणजे जुन्नर तालुक्यातल्या कांद्याच्या वावराशेजारी बसून मंगळावरचा अपघात ऐकला गेला. हेच वाक्य एका मुलीनं वहीत लिहिलंय.

थोडं व्यवहाराचं. जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो आणि अकरानंतर टोपी, सावली फारशी नाही. पाणी आणि डबे सोबत घ्या. परतताना नारायणगावात मिसळ खायची तर तिखट सोसणाऱ्यांनीच खावी, आमच्या दोघांना नंतर घाटात त्रास झाला. मुलांना उसाकडे फिरकू देऊ नका, जुन्नरचा बिबट्या ही दंतकथा नाही. फोटो हवे असतील तर आवाराबाहेर, रस्त्यावरून काढा. आणि शिवनेरी, लेण्याद्री, ओझर हे सगळं त्याच दिवसात कोंबू नका. पालक आग्रह करतात, “एवढं लांब जाताय तर…” नाही म्हणा. जोडायचंच असेल तर नारायणगावजवळच्या आर्वीचं उपग्रह केंद्र निदान बसमध्ये तोंडी सांगा. देशातलं ते पहिलं व्यावसायिक केंद्र, १९७१ सालचं. एकाच तालुक्यात दोन कान, हे पोरांना आवडतं.

डोळा लावायची हौस मात्र राहिलीच होती. म्हणून आम्ही साडेसातला शाळेच्या मैदानावर उतरलो, तिथे आधीच शाळेची चार इंची दुर्बीण लावून ठेवायला सांगितली होती. पूर्वेला मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं. त्यातला तेजोमेघ लावला आणि रांग केली. तो डोळावाला पोरगा पहिला. बराच वेळ बघून बाजूला झाला आणि म्हणाला, “मॅडम, यातपण हायड्रोजनच आहे ना? मग खोडदवाल्यांना हा केवढा दिसत असेल?”

त्याचं गणित सोमवारी फळ्यावर घेतलंय.